लकव्याचा हात उघडेल असं यंत्र करा: मराठवाड्यातील अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे मार्गदर्शक, तसेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील मेडिसिन आणि फिजिओथेरपी विभागांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

लकव्याच्या रुग्णांसाठी 'रोबोटिक ग्लोव्ह' हा अभियांत्रिकीच्या प्रकल्प प्रदर्शनांत आता नेहमीचा विषय झाला आहे. कापडी हातमोजा, पाच छोट्या सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या), मासेमारीची नायलॉन दोरी आणि त्या मोटर चालवणारा एक आर्डुइनो बोर्ड. विद्यार्थ्याच्या निरोगी हातावर हा मोजा छान चालतो. रुग्णाच्या हातावर मात्र तो मुळात चढतच नाही, आणि कसाबसा चढवला तरी बोटं उघडत नाहीत. मुलांची मेहनत खरी असते, तळमळही खरी असते. अडतं ते एका ठिकाणी: लकव्याच्या हाताचं नेमकं काय बिघडलेलं असतं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. ते सांगण्यासाठी, लकव्याच्या रुग्णांसोबत काम करणारे आम्ही थेरपिस्ट आणि ऑर्थोटिस्ट (हातापायांचे आधार बनवणारे) हे पत्र लिहीत आहोत. प्रकल्पाचा विषय ठरवण्याआधी ते मार्गदर्शकांनी आणि मुलांनी एकत्र बसून वाचावं, अशी विनंती.

अंगावरून वारं गेल्यावर सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे हात लुळा असतो. पुढे बहुतेकांच्या हातात ताठरपणा येऊ लागतो. कोपर वाकतं, मनगट खाली झुकतं, बोटं मिटतात आणि अंगठा तळव्यात अडकतो. मेंदूच्या बाह्यपटलातून मज्जारज्जूकडे जाणारा, बोटांची सुटी आणि नाजूक हालचाल करवणारा मार्ग दुखावलेला असतो. मग हाताचा ताबा मेंदूच्या बुंध्यातून निघणाऱ्या जुन्या, ढोबळ मार्गांकडे जातो, आणि त्यांचा ओढा बोटं मिटवणाऱ्या स्नायूंकडे जास्त असतो. म्हणून पकड बरेचदा परत येते, पण सोडणं येत नाही. रुग्ण तांब्या धरतो, पण त्याला तो खाली ठेवता येत नाही. हाताचं खरं दुखणं उघडण्याचं आहे. तुमच्या यंत्राची पहिली आणि शेवटची परीक्षा हीच असायला हवी.

ऑनलाइन मिळणारे हवेवर चालणारे स्वस्त ग्लोव्ह पाहून अनेक प्रकल्प सुरू होतात, म्हणून त्यांच्याबद्दल आधी. त्यातल्या बहुतेकांमध्ये बोटांच्या पाठीवर रबरी घड्यांच्या नळ्या असतात. पंपानं हवा भरली की नळी लांबते आणि बोट वाकतं. हवा ओढून घेतली की नळी आखडते आणि बोट सरळ होतं. आता भौतिकशास्त्र बघा. भरण्याचा दाब पंपाच्या ताकदीनुसार वाढवता येतो, पण निर्वाताची ओढ एका वातावरणाच्या दाबापलीकडे जाऊच शकत नाही, आणि छोटा पंप त्याच्याही बराच अलीकडे थांबतो. म्हणजे हे यंत्र बोटं मिटवायला जोरकस आणि उघडायला दुबळं. रुग्णाला हवं त्याच्या नेमकं उलट. अजून लुळ्या असलेल्या हाताला त्याचा थोडा उपयोग होतो, ताठर हाताला नाही. त्याचीच नक्कल करणारा प्रकल्प हाती घेऊ नका.

दुसरी गोष्ट वेगाची. लकव्याचा ताठरपणा वेगावर अवलंबून असतो. बोट हळू उघडलं तर ते येतं, झटक्यात उघडलं तर स्नायू अडकतो आणि उलट जास्त जोरानं मिटतो. साधा सर्व्हो ६० अंश फिरायला सेकंदाचा पाचवा हिस्साही घेत नाही. मुलं प्रोग्रॅममध्ये थेट अंतिम कोन लिहितात, मोटर झटका देते, हात घट्ट मिटतो, आणि निष्कर्ष निघतो की मोटरची ताकद कमी पडली. मग आणखी मोठी मोटर लावली जाते. खरा उपाय सोपा आहे. दर ५० मिलिसेकंदाला एक अंश या गतीनं पुढे जा, म्हणजे ९० अंशांना साडेचार सेकंद लागतील. पूर्ण उघडल्यावर पाच ते दहा सेकंद थांबा. मिटतानाही तीच गती ठेवा.

ताकदीचा हिशेब मात्र कागदावर आधी करायलाच हवा, कारण सर्वांत जास्त प्रकल्प इथेच फसतात. समजा एक बोट उघडायला त्याच्या टोकाशी अर्धा किलो ओढ लागते, आणि टोकापासून मुळाच्या सांध्यापर्यंतचं अंतर ८ सेंमी आहे. म्हणजे सांध्याशी ४ किलो-सेंमी आघूर्ण (फिरवण्याची ताकद, टॉर्क) हवं. हातमोज्याच्या पाठीवरून जाणारी दोरी सांध्याच्या अक्षापासून जेमतेम १ सेंमी वर असते. म्हणून तेवढ्याच कामाला दोरीत ४ किलो ताण लागतो, आणि चार बोटांना १६. हा सगळा ताण सांध्यांना दाबतो, आणि मोटर बसवलेला पट्टा कोपराकडून मनगटाकडे घसरवत नेतो. दोरी नळीतून एकूण १८० अंश वळत असेल आणि घर्षणांक ०.१५ असेल, तर वाटेतच एक तृतीयांशाहून जास्त ताण खर्ची पडतो. मोटरला मग ४ च्या ऐवजी सुमारे साडेसहा किलो ओढावे लागतात. प्रकल्पांत सर्रास वापरली जाणारी एसजी-९० मोटर जास्तीत जास्त १.८ किलो-सेंमी देते, तेही अडकून थांबण्याच्या क्षणी. १ सेंमी त्रिज्येच्या चाकावर तिच्याकडून एक बोटसुद्धा उघडणार नाही.

तेच बोट टोकाशी काटकोनात वर ओढलं, तर दोरीत ताण फक्त अर्धा किलो लागतो. म्हणून जुन्या ऑर्थोटिस्टांच्या स्प्लिंटमध्ये, म्हणजे हाताच्या आधारात, हाताच्या पाठीवर उंच तारेची चौकट असते आणि दोरी बोटाला काटकोनात ओढते. ही चौकट दिसायला मोज्याइतकी देखणी नसते, पण तिचं गणित बरोबर आहे. प्रकल्पाचं परीक्षण करणाऱ्या प्राध्यापकांना आमची कळकळीची विनंती आहे की देखणेपणाला गुण देऊ नका, ताणाच्या या आकडेमोडीला द्या.

पाठीवरून जाणाऱ्या दोरीचा आणखी एक दोष आहे. ती सर्वांत आधी मुळाचा सांधा मागे वाकवते, आणि मधला सांधा वाकलेलाच राहतो. हात उघडल्यासारखा दिसतो, पण बोटं वाघाच्या नखांसारखी आकडलेली असतात आणि अशा हातात काहीच धरता येत नाही. वर, दिवसेंदिवस तसंच ओढत राहिलं तर मुळाच्या सांध्याच्या पुढच्या बाजूचे बंध सैल पडतात. मुळाचा सांधा सरळ रेषेच्या मागे जाणार नाही असा पक्का यांत्रिक अडथळा पाठीच्या बाजूला बसवा. हा अडथळा प्रोग्रॅममध्ये लिहून चालणार नाही, तो वस्तूतच असला पाहिजे.

मनगटाकडे तर जवळपास कुणी बघतच नाही. स्वतःच्या हातावर करून पाहा: मनगट खाली झुकवलं की बोटं आपोआप थोडी उघडतात, मागे वाकवलं की मिटू लागतात. बोटांच्या स्नायूंचे टेंडन मनगटावरून जातात, म्हणून हे होतं. मनगट मोकळं सोडून बोटं ओढली, तर रुग्णाचं मनगट आणखी खाली झुकतं आणि यंत्र काम करतंय असा भास होतो. पण झुकलेल्या मनगटानं पकड लागत नाही. मनगटाला आधार हवाच. सुरुवात सरळ स्थितीपासून करा, आणि ताठरपणा सैलावत जाईल तसं आठवड्याआठवड्यानं २० ते ३० अंश मागे न्या. पहिल्याच दिवशी ३० अंशांवर बांधलं तर बोटं उघडणारच नाहीत. तो मोटरचा दोष नसतो.

अंगठ्याबद्दलही थोडं. चार बोटांच्या ओळीत पाचवी दोरी लावून अंगठा मागे ओढला की तो तळव्याच्या पातळीत बाजूला जातो. पकडीसाठी तो तळव्याच्या समोर, बोटांच्या पुढ्यात यायला हवा. मोटर नाही लावली तरी चालेल, पण अंगठ्याच्या मुळाशी मऊ पट्टीनं त्याला समोर धरून ठेवणारा आधार द्या. टोकाला धरून ओढू नका.

आता विजेचं. एमजी-९९६आर सारखी मोठी मोटर अडकली की ६ व्होल्टवर सुमारे अडीच अँपिअर घेते. चार अडकल्या तर दहा. पॉवर बँकेवर व्होल्टेज कोसळतं, आर्डुइनो रीसेट होतो आणि सर्व्हो सुरुवातीच्या कोनाकडे झटक्यात जातात. रुग्णाच्या हातावर हा झटका बसणं अजिबात चालणार नाही. मोटरना वेगळा पुरवठा द्या, ऋण टोक मात्र बोर्डाशी एकत्र जोडा. मोटरच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा, आणि बोर्ड सुरू होताच हालचाल होणार नाही अशी सोय ठेवा. चालू यंत्राला चार्जर जोडताच येऊ नये. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रुग्णाला चांगल्या हातानं एका ओढीत दोऱ्या सैल करता येतील अशी यांत्रिक पिन हवी. बटण दाबून प्रोग्रॅम थांबवणं हा आणीबाणीचा उपाय होऊ शकत नाही.

स्नायूंच्या विद्युत संकेतांवर, म्हणजे ईएमजीवर, यंत्र चालवण्याची कल्पना चांगली आहे, पण ती प्रयोगशाळेत जितकी चालते तितकी घरात चालत नाही. घाम, केस, ५० हर्ट्झची मेन्सची भुणभुण हे त्रास तर आहेतच. मूळ अडचण वेगळी आहे. रुग्ण हात उघडायला जातो तेव्हा मिटवणारे स्नायूही एकाच वेळी पेटतात, आणि कोपराखालच्या हाताच्या पाठीवर लावलेला इलेक्ट्रोड (संकेत टिपणारी चकती) त्यांचाच आवाज ऐकतो. ईएमजी वापरायचीच असेल तर दोन जोड्या लावा, एक कोपराखालच्या हाताच्या पाठीच्या बाजूला आणि एक आतल्या बाजूला, आणि दोन्हींची तुलना करून निर्णय घ्या. तेवढी तयारी नसेल तर साधा नियम पाळा: बझर वाजल्यावर रुग्णानं तीन सेकंद स्वतः उघडण्याचा प्रयत्न करायचा, मग यंत्रानं उरलेलं काम करायचं. प्रयत्नाशिवाय नुसती हालवलेली बोटं सांधे मोकळे ठेवतात, पण मेंदूला फारसं काही शिकवत नाहीत.

आमच्या मते पहिलं यंत्र मोटरशिवायच करावं. ज्या रुग्णाला बोटं थोडीतरी मिटवता येतात, त्याला उघडण्यासाठी स्प्रिंग पुरते. तो स्वतः मिटवतो आणि सैल सोडल्यावर स्प्रिंग उघडते. सेबोफ्लेक्स हे विदेशी उपकरण याच तत्त्वावर चालतं. इथे करायचं तर हाताच्या मागच्या बाजूला, कोपर ते मनगट या लांबीचा दोन तृतीयांश भाग व्यापणारं कवच घ्या. ३.२ मिमी जाडीचं थर्मोप्लास्टिक ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात मऊ करून हातावर घडवता येतं. मात्र एक टॉवेल मध्ये ठेवा आणि आधी स्वतःच्या हातावर उष्णता पाहा, कारण रुग्णाची संवेदना कमी असते आणि पोळलेलं त्याला कळणार नाही. ते परवडत नसेल तर चार इंची पीव्हीसी पाइप चिरून, गरम हवेनं मऊ करून, रुग्णाच्या हाताच्या मापाच्या साच्यावर आकार द्या. ज्योतीवर धरू नका, पीव्हीसी जळताना निघणारा वायू फुप्फुसांना घातक आहे. गरम पीव्हीसी अंगावर तर कधीच बसवू नका. चौकटीला सायकलचे २ मिमीचे स्पोक चालतात, पण त्यांना आडवा आधार हवा, नाहीतर चार बोटांच्या ओढीनं ते वाकतात. बोटांना दीड ते दोन सेंमी रुंद मऊ चामड्याच्या फासण्या, म्हणजे बोट अडकवायच्या पट्ट्या, लावा. अरुंद दोरी रक्तपुरवठा अडवते. फासणी आणि चौकट यांच्यामध्ये अर्धा मिमी नायलॉन दोरी आणि ओढीची स्प्रिंग. रबर बँड स्वस्त पडतात, पण आमच्या भागातल्या उन्हात ते लवकर जीव सोडतात आणि रोज वेगळा ताण देतात, म्हणून अभ्यासात वापरू नयेत.

ताण अंदाजानं लावू नका. प्रवासी बॅगा तोलायचा डिजिटल हूक-काटा घ्या आणि प्रत्येक फासणीचा ताण मोजून लिहून ठेवा. दर बोटाला २०० ग्रॅमपासून सुरुवात करा आणि ५० ग्रॅमनी वाढवा. मिटलेलं बोट पाच सेकंदांत सावकाश उघडेल तिथे थांबा. यंत्र काढल्यावर त्वचेवरची लाली २० मिनिटांत गेली नाही, तर दाब जास्त आहे. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाल झालं नाही, तर फासणी घट्ट आहे. मधुमेहाच्या रुग्णांत हे दोन्ही रोज तपासायला घरच्यांना शिकवा. हातावर येणारं वजन अर्धा किलोच्या आत ठेवा. लकव्यात खांदा बरेचदा आधीच निसटलेला असतो, जड यंत्रानं खांदेदुखी सुरू होते, आणि एकदा ती सुरू झाली की रुग्ण हाताचे सगळे व्यायाम सोडून देतो.

यंत्र हातात चढवणं हाच अर्धा प्रश्न आहे. घरचे बोटांची टोकं धरून ओढतात, आणि हात आणखी मिटतो. बरोबर क्रम असा: आधी मनगट हळूच खाली झुकवायचं, मग अंगठा टोकाला न धरता मुळाशी धरून बाहेर काढायचा, मग करंगळीच्या बाजूनं बोटं उघडायची, आणि बोटं धरून ठेवून मनगट सावकाश वर आणायचं. पूर्ण बोट झाकणारा शिवलेला मोजा म्हणून नको. तळव्याकडून उघडा, वरून बसवता येईल असा साचा हवा. पट्टे वेल्क्रोचे, किमान २५ मिमी रुंद, आणि चांगल्या हातानं एकट्याला ओढता येतील असे धातूच्या कड्यातून फिरवलेले. कापसाच्या घरात वेल्क्रोत तंतू अडकून ते महिन्याभरात पकड सोडतात. हुकांची बाजू टूथब्रशनं साफ करायला सांगा आणि सुटे पट्टे सोबत द्या.

बायकांच्या हातातल्या बांगड्यांचा विचार डिझाइनमध्ये पहिल्या दिवसापासून करा. सवाष्ण बाईला बांगड्या काढायला सांगितलं की यंत्र पेटीतच राहतं. मनगटाचा आधार तळव्याच्या बाजूनं आणि कवच बांगड्यांच्या मागे, असे दोन तुकडे बारीक पट्टीनं जोडले तर बांगड्या मध्ये राहू शकतात. काचेच्या बांगडीवर कडक कवच येऊ देऊ नका, फुटली तर सुन्न त्वचेला कळणार नाही.

थ्रीडी प्रिंटिंगची सोय आता बऱ्याच महाविद्यालयांत आहे, पण पीएलए हे प्लास्टिक साधारण ६० अंशांवर मऊ पडतं. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत पत्र्याला लागून ठेवलेला भाग वाकडा होतो, आणि रुग्ण तो तसाच वापरत राहतो. त्याऐवजी पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक वापरा. आतून सुती अस्तर लावा आणि ते काढून धुता येईल असं ठेवा. मिटलेल्या तळव्यात घाम साचून त्वचा आधीच खराब झालेली असते.

इतकं सगळं करून यंत्र तयार झालं, तरी त्याचा उपयोग होतो की नाही हा वेगळा प्रश्न आहे. इथे जुने अभ्यास मार्गदर्शकांनी नीट वाचावेत. ब्रिटनमध्ये २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या रॅटल्स या चाचणीत ७७० रुग्ण होते. अत्यंत महागड्या रोबोटवर आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटं, असं १२ आठवडे शिकवूनही नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात फरक पडला नाही. आपल्या देशात १४ केंद्रांवर झालेल्या अटेंड चाचणीत १२५० रुग्ण होते. घरच्यांना पुनर्वसन शिकवल्यानं सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व कमी झालं नाही, असं २०१७ साली दिसलं. याचा अर्थ यंत्रं आणि घरचे निरुपयोगी आहेत असा आम्ही लावत नाही. नुसतं यंत्र देऊन किंवा नुसतं शिकवून काम होत नाही, एवढा त्याचा अर्थ आहे.

पुनरावृत्तीचा मुद्दाही गुंतागुंतीचा आहे. उत्तर अमेरिकेतल्या एका निरीक्षणात हाताच्या एका सत्रात रुग्णाकडून सरासरी ३२ कामकाजी हालचाली होत होत्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्या शेकड्यांनी असतात. तासाभरात सरासरी ३२२ करून घेणं माणसांतही शक्य आहे, हे २०१० साली दाखवलं गेलं. पण पुढे २०१६ साली ८५ जुन्या रुग्णांना ३२०० ते ९६०० पर्यंत वेगवेगळ्या संख्येत हालचाली करायला दिल्या, तेव्हा जास्त संख्येचा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून यंत्रावर नुसता मोठा आकडा दाखवून समाधान मानू नका. हालचाल कशासाठी होते आहे हे बघा. हात उघडून तांब्या सोडणं, दाराची कडी काढणं, साडीच्या निऱ्या धरणं, कापसाचं बोंड तीन बोटांत धरून ओढणं, ही इथल्या माणसांची कामं आहेत. भाकरी थापायला तर तळवा सपाट उघडा आणि मनगट मागे वाकलेलं लागतं, आणि हीच हालचाल लकव्यात हरवते. ज्वारीच्या पिठाचा गोळा हे आमच्या दृष्टीनं उत्तम व्यायामसाधन आहे, आणि बायकांना तो व्यायाम समजावून सांगावा लागत नाही.

रुग्ण निवडताना घाई नको. लकव्यानंतर पहिल्या तीन दिवसांतच बोटं थोडी सरळ करता येत असतील आणि खांदा बाजूला उचलता येत असेल, तर सहा महिन्यांनी हातात काहीतरी कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के असते, असं नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. म्हणजे असे रुग्ण तुमच्या यंत्राशिवायही सुधारतील. नव्या रुग्णांना यंत्र देऊन आधी-नंतरची तुलना केली, तर आपोआप होणारी सुधारणा तुमच्या यंत्राच्या खात्यात जमा होईल. सुरुवातीच्या अभ्यासासाठी सहा महिने उलटून गेलेले, ताठरपणा सुधारित अ‍ॅशवर्थ मापावर २ पर्यंत असलेले आणि सांधे कायमचे न आखडलेले रुग्ण घ्या. संख्या कमी असेल तर प्रत्येकाचं यंत्राआधी दोन-तीन आठवडे वारंवार मोजमाप करा, आणि वेगवेगळ्या रुग्णांना वेगवेगळ्या आठवड्यात यंत्र सुरू करा. सुधारणा प्रत्येक वेळी यंत्र सुरू झाल्यावरच दिसली, तर तिला अर्थ आहे.

मोजायचं काय? लकव्यानंतरची हालचाल मोजणाऱ्या फ्युगल-मायर मापाचा हाताचा भाग ६६ गुणांचा आहे, आणि वस्तू पकडणं-हलवणं तपासणारी अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्ट ५७ गुणांची. अडीच सेंमीचे लाकडी ठोकळे ६० सेकंदांत एका खणातून दुसऱ्या खणात टाकण्याची चाचणी सुताराकडून बनवून घेता येते. मोजणारा माणूस उपचार करणाऱ्यांपैकी नसावा, आणि कुणाला यंत्र दिलं हे त्याला माहीत नसावं. घरातला वापर रुग्णाला विचारून लिहू नका. माणसं मार्गदर्शकाचा मान राखायला 'रोज करतो' म्हणतात. यंत्रात चुंबक आणि तो जवळ आल्याचं ओळखणाऱ्या हॉल सेन्सरनं उघड-मीट मोजा आणि वेळेसह मेमरी कार्डवर साठवा.

वेळापत्रक विद्यापीठाचं नको, शेताचं हवं. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासची ऊसतोड कुटुंबं कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, पुढे कापूस वेचणी. त्या काळात रुग्णाची सून किंवा मुलगा रानात असतो आणि यंत्र चढवायला घरी कुणी नसतं. पेरण्या उरकल्यावर जुलैच्या मध्यात सुरू केलेला १२ आठवड्यांचा अभ्यास सोयाबीनच्या काढणीच्या सुमाराला संपतो. गळती तिथेच निम्म्यानं कमी होईल, असा आमचा अंदाज आहे.

आता संस्थांकडून काय हवं ते. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून 'प्लूटो' हे हाताच्या व्यायामाचं यंत्र केलं. त्यात एकच मोटर आहे, आणि मनगटासाठी, बोटांच्या उघडझापेसाठी वेगवेगळे जोड तिला लावता येतात. ते टेबलावर ठेवायचं यंत्र आहे, हातात घालायचं नाही. रुग्णालय आणि अभियंते पहिल्या दिवसापासून एकत्र बसले की असे समजूतदार निर्णय होतात. नांदेडात श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत. छत्रपती संभाजीनगरात शासकीय अभियांत्रिकी, घाटी रुग्णालय, साचे आणि हत्यारं घडवणारं इंडो जर्मन टूल रूम आणि नवउद्योगांसाठीचं मॅजिक एकाच गावात आहेत. वाळूजमध्ये प्लास्टिक आणि स्प्रिंगचं काम जाणणारे कारखाने आहेत. अंबाजोगाई आणि लातूरच्या रुग्णालयांत रुग्ण आहेत. त्यांना जोडणारा साधा लेखी करार आणि महिन्यातून एक ठरलेली ओपीडी एवढंच लागतं. मुलांनी त्या ओपीडीत बसून दहा हात तरी स्वतः उघडून पाहावेत, मग सर्किट काढावं.

प्रकल्प एका वर्षाचा ठेवू नका. पहिल्या तुकडीनं हातांची मापं, ताणाची नोंद आणि स्प्रिंगचं यंत्र करावं, आणि पुढच्या तुकडीनं त्यावरच मोटर आणि नोंदणी बसवावी. मुलं पास होऊन गेली की दुरुस्ती कोण करणार, हे आधी ठरवून महाविद्यालयाच्या कार्यशाळेतल्या एका कर्मचाऱ्याच्या नावानं लिहून ठेवा. स्प्रिंग, फासण्या आणि पट्टे या तीन सुट्या भागांची पिशवी प्रत्येक यंत्रासोबत द्या, कारण मोडतात ते हेच.

रुग्णावर यंत्र लावण्याआधी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लेखी संमती आणि चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी, या गोष्टी 'हा तर वर्गातला प्रकल्प' असं म्हणून टाळता येणार नाहीत. विक्रीचा विचार असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. संमतिपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत असावं. उजव्या अंगाचा लकवा झालेल्या अनेकांची वाचाही गेलेली असते. त्यांना चित्रं दाखवून आणि मान हलवून उत्तर घेऊन समजल्याची खात्री करा. सही करता येत नसेल तर अंगठा, पण अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर. अभ्यास संपल्यावर यंत्र रुग्णाकडे राहील की परत घेतलं जाईल, हे त्याच कागदावर पहिल्या पानावर लिहा. आमचं म्हणणं असं की ज्याचा हात त्या यंत्रानं उघडतो, त्याच्याकडून ते परत घेऊ नये, आणि तेवढ्या यंत्रांचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा.

जुलैचं वेळापत्रक पाळायचं असेल तर नीतिसमितीकडे अर्ज फेब्रुवारीच्या आत जायला हवेत. अर्जाचा मसुदा, मापांचे तक्ते आणि ताण नोंदवण्याचे कोरे नमुने करून द्यायला, आणि तुमच्या मुलांना ओपीडीत हात दाखवायला आम्ही तयार आहोत.

आपले,
मराठवाड्यात लकव्याच्या रुग्णांसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि ऑर्थोटिस्ट